भयमुक्त काम हा कामगाराचा हक्क आहे

पुण्यातील एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत मार्च २०२४ मध्ये रुजू झालेली एक तरुण सनदी लेखापाल त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मरण पावली. पहिलीच नोकरी, आणि चार महिन्यांत सारे संपले. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले आणि देशभर खळबळ उडाली. रात्री उशिरापर्यंत काम, सुट्टीच्या दिवशीही काम, आणि एवढे करून लेकीच्या अंत्यसंस्काराला कंपनीतील एकही माणूस आला नाही, असे त्या माउलीने लिहिले होते. कंपनीने मृत्यूचा संबंध कामाच्या ताणाशी जोडण्यास नकार दिला. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा जे उघड झाले ते मात्र वादातीत आहे. ते कार्यालय २००७ पासून चालू होते आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणीच झालेली नव्हती. म्हणजे सतरा वर्षे हजारो सुशिक्षित तरुण-तरुणी जेथे राबत होत्या, ती जागा कामगार कायद्याच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नव्हती!

या घटनेनंतर उद्योगजगतात एक लाट आली. ठिकठिकाणी व्याख्याने झाली, समुपदेशक नेमले गेले, ध्यानधारणेचे वर्ग भरले, आणि ‘कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य’ व ‘मानसिक सुरक्षितता’ हे शब्द प्रत्येक व्यवस्थापकाच्या तोंडी बसले. ताण कसा हाताळावा, श्वासावर लक्ष कसे केंद्रित करावे, वेळेचे नियोजन कसे करावे, याचे पाठ कामगाराला दिले जाऊ लागले. मात्र तो ताण कोण निर्माण करतो, हा प्रश्न त्या व्याख्यानांत सहसा विचारला जात नाही. घरात धूर कोंडला असता चुलीकडे न पाहता माणसांना खोकला आवरण्याचे शिक्षण द्यावे, तसा हा प्रकार आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कामावरील मानसिक आरोग्याचा प्रश्न हा मुख्यतः कामाच्या रचनेचा आणि त्या रचनेवर सत्ता कोणाची याचा प्रश्न आहे. म्हणून त्याचे उत्तर समुपदेशकाच्या खोलीत पुरतेपणी मिळणार नाही. ते कायद्यात, कामाच्या तासांत, नोकरीच्या शाश्वतीत आणि संघटनेच्या बळात शोधावे लागेल.

येथे एक गैरसमज प्रारंभीच दूर केला पाहिजे. मनाचा आजार खरा असतो, त्याला औषधोपचार लागतात, आणि ते मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. ‘निम्हान्स’ या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, देशातील प्रौढांपैकी सुमारे दहा टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आहेत, आणि बहुतेक विकारांच्या बाबतीत शंभरातील सत्तरांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात समुपदेशनाची टिंगल करणे हा करंटेपणा ठरेल. ज्या कार्यकर्त्याला आपल्या सहकाऱ्याचे मन खचलेले दिसेल त्याने त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे; १४४१६ या शासनाच्या ‘टेली-मानस’ दूरध्वनीचा क्रमांक प्रत्येक युनियन कचेरीच्या भिंतीवर असलाच पाहिजे. आमचा आक्षेप उपचाराला नाही. उपचार पुढे करून कारण झाकण्याच्या कारस्थानाला आहे.

कारण कोणते, हे आता केवळ आमच्या तर्काचे राहिलेले नाही. १९६७ साली लंडनमध्ये सरकारी नोकरांच्या आरोग्याचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. सरकारी कचेऱ्यांच्या ज्या रस्त्यावर तो झाला त्यावरून तो ‘व्हाइटहॉल’ अभ्यास म्हणून ओळखला जातो. सर्वांची अशी समजूत होती की, हृदयविकार हा जबाबदारीच्या ओझ्याखाली दबलेल्या बड्या साहेबांचा रोग. निष्कर्ष नेमका उलटा निघाला. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई व निरोप्ये यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे हिशेबात धरूनही मोठी तफावत उरली. पुढे १९८५ पासून मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दहा हजारांवर स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास झाला, तेव्हा त्या तफावतीचे एक मोठे कारण पुढे आले. आपल्या कामावर, त्याच्या वेगावर आणि पद्धतीवर माणसाचे किती नियंत्रण आहे, ते कारण. दरम्यान १९७९ साली रॉबर्ट कारासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हेच सूत्ररूपाने मांडले होते. नुसते काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि अधिकार शून्य, अशी सांगड जेथे पडते तेथे तो मोडतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मजुरीच्या करारात कामगार आपले श्रम विकतो असे आपण म्हणतो. पण भाजी विकणारा भाजी देऊन घरी जातो. श्रम विकणाऱ्याला स्वतः मालाबरोबर जावे लागते. आठ-दहा तास त्याचे शरीर, त्याचे लक्ष, त्याचा स्वाभिमान हे सारे दुसऱ्याच्या हुकमतीखाली असते. ती हुकमत जितकी अनिर्बंध, तितका त्याच्या मनावरील दाब अधिक. या दाबाची किंमत मालकाच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. ती कामगाराच्या घरात, त्याच्या झोपेत, त्याच्या मुलाबाळांशी होणाऱ्या वर्तनात आणि अखेर सरकारी रुग्णालयात चुकती होते. कारखान्याने नदीत सांडपाणी सोडावे आणि खालच्या गावाने ते प्यावे, तसाच हा व्यवहार आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ वा अधिक तास काम केल्यामुळे एकट्या २०१६ या वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू पावली. याच दोन संस्थांनी २०२२ साली म्हटले की, नैराश्य व चिंताविकार यांच्यापायी जगात दरवर्षी १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. हे आकडे डोळ्यांसमोर असताना आपल्याकडील उद्योगपती काय सांगत आहेत? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांसंबंधीचे उद्गार गाजले. सत्तर तास राबणाऱ्या माणसाचा स्वयंपाक कोण करणार, त्याची मुले कोण सांभाळणार, आणि ती सांभाळणारी बाई स्वतःही नोकरी करीत असेल तर तिच्या तासांचा हिशेब कोण मांडणार, हे प्रश्न या थोर पुरुषांना पडलेले दिसत नाहीत.

येथे आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील की, हे सारे पांढरपेशांचे चोचले आहेत. ज्याला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याला कसले आले मानसिक आरोग्य? हा समज चुकीचा आहे, आणि तो आपल्या चळवळीने फार काळ जोपासला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२१ चे आकडे पाहावेत. त्या वर्षी देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतील ४२,००४ व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. म्हणजे दर चार आत्महत्यांमागे एक रोजंदार! राज्यवार यादीत महाराष्ट्र २२,२०७ या आकड्यासह सर्वांत वर होता. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणे गुंतलेली असतात, आणि या सर्वांचे खापर कामावर फोडणे शास्त्रीय होणार नाही. तथापि, उद्या काम मिळेल की नाही, मिळाले तर दाम मिळेल की नाही, ही टांगती तलवार मनाला कुरतडत नाही असे कोण म्हणेल? कामानुसार मोबदला घेणारी आशा सेविका, मोबाइलच्या पडद्यावरील घड्याळाशी शर्यत करीत खाद्यपदार्थ पोचविणारा पोरगा, कंत्राटदाराच्या मर्जीवर नाव टिकून असलेला सफाई कामगार, २०२१ च्या अखेरीस रखडत्या पगारांना कंटाळून महिनोन् महिने संपावर राहिलेला एस.टी.चा वाहक, या सर्वांना मन आहे. त्यांच्यासाठी ध्यानधारणेचे वर्ग मात्र कोणी भरवीत नाही.

कामाची रचना माणसाला मोडण्यासाठी हेतुपुरस्सर वापरली जाऊ शकते, याचा न्यायालयात सिद्ध झालेला दाखला फ्रान्समध्ये मिळतो. ‘फ्रान्स टेलिकॉम’ ही तेथील दूरध्वनी सेवा मुळात सरकारी. २००४ साली तिच्यातील सरकारचा हिस्सा निम्म्याच्या खाली आला. कंपनी कर्जात बुडालेली होती. सुमारे १ लाख २० हजार कर्मचाऱ्यांपैकी २२ हजारांना तीन वर्षांत कमी करण्याचे व्यवस्थापनाने ठरविले. अडचण एकच होती. त्यांतील बहुतेकांना जुन्या सरकारी सेवेचे संरक्षण असल्यामुळे काढून टाकता येत नव्हते. तेव्हा त्यांनी आपण होऊन जावे अशी परिस्थिती निर्माण करण्यात आली. दहा हजार जणांना एका कामावरून दुसऱ्या कामावर ढकलायचे ठरले. तारा जोडण्यात हयात घालविलेल्या तंत्रज्ञांना दूरध्वनीवर माल विकायला बसविले गेले. किती माणसे ‘कमी’ झाली यावर वरिष्ठांची बढती व बक्षिसी ठरू लागली. माणसे खिडकीतून गेली काय अन् दारातून गेली काय, ती गेली पाहिजेत, अशा आशयाचे उद्गार २००६ साली कंपनीचे प्रमुख दिदिए लोंबार यांनी अधिकाऱ्यांच्या सभेत काढले होते. त्यानंतर आत्महत्यांची मालिका सुरू झाली. काहींनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांत आपल्या कामालाच दोष दिला होता.

वरिष्ठांनी प्रथम ते हसण्यावारी नेले. लोंबार यांनी तर या मृत्यूंचा उल्लेख ‘फॅशन’ अशा शब्दात केला, आणि नंतर त्याबद्दल त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पण युनियनने पिच्छा सोडला नाही. आत्महत्यांची नोंद ठेवण्यासाठी युनियनच्या कार्यकर्त्यांनी स्वतःच निरीक्षण मंडळ उभारले आणि २००९ साली तक्रार दाखल केली. दहा वर्षांनी, २० डिसेंबर २०१९ रोजी, पॅरिसच्या न्यायालयाने निकाल दिला. त्यात ३९ व्यक्तींची प्रकरणे तपासली गेली होती. १९ जणांनी जीव दिला होता, १२ जणांनी तसा प्रयत्न केला होता आणि ८ जण गंभीर नैराश्याने आजारी पडले होते. कंपनीला ७५ हजार युरो दंड झाला, लोंबार व त्यांचे सहकारी दोषी ठरले. अपिलात शिक्षा सौम्य होऊन तुरुंगवास निलंबित झाला, परंतु दोष कायम राहिला. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या निकालाचे महत्त्व शिक्षेच्या आकारात नाही. एखाद्या खडूस साहेबाने एखाद्या कारकुनाला छळले, असे हे प्रकरण नव्हते. लोंबार यांनी त्या मृतांपैकी कित्येकांना पाहिलेही नसेल. न्यायालयाने असे मानले की, कंपनीचे धोरणच छळाचे साधन होऊ शकते आणि ते आखणारे गुन्हेगार ठरू शकतात. ‘संस्थात्मक छळ’ ही कल्पना तेथे कायद्यात रुजली. कोलमडलेल्या माणसाकडे ‘तो मुळातच कमकुवत होता’ असे बोट दाखविण्याची मालकाची जुनी सबब त्या दिवशी मोडीत निघाली.

आता ‘मानसिक सुरक्षितता’ या शब्दाकडे वळू. व्यवस्थापनशास्त्रात हा शब्द रुळविण्याचे श्रेय हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्याकडे जाते. १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास करीत होत्या. उत्तम तुकड्यांकडून औषधे देण्यातील चुका कमी होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उत्तम तुकड्यांच्या नावावर चुका जास्त निघाल्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या तुकड्यांत चुका अधिक होत नव्हत्या, त्या अधिक प्रमाणात सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी परिचारिका भीतीपोटी चुका झाकत होत्या, आणि त्याची किंमत रुग्ण मोजत होते. माणूस बोलला म्हणून त्याला शासन होणार नाही, असा सर्वांचा भरवसा असणे, हीच मानसिक सुरक्षितता. १९९९ साली त्यांनी ही कल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली.

कल्पना उत्तम आहे. पण हा भरवसा येतो कोठून? व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके म्हणतात, साहेबाच्या मनमोकळ्या स्वभावातून. साहेब चांगला असला तर उत्तमच. परंतु ज्याची नोकरी साहेबाच्या सहीवर अवलंबून आहे, त्याचा भरवसा साहेबाच्या स्वभावावर टिकत नाही. साहेबाची बदली झाली की तो संपतो.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर पदव्युत्तर वर्गांना अर्थशास्त्र शिकविले. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत एका महाविद्यालयात आमच्या विभागात तासिका तत्त्वावर काम करणारा एक तरुण सहकारी होता. पात्रता परीक्षा उत्तीर्ण, अभ्यासू, विद्यार्थ्यांचा लाडका. तासाप्रमाणे पैसे, तेही चार-सहा महिन्यांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. आणि दर जूनमध्ये नव्याने मुलाखत. विभागाच्या बैठकीत एकदा परीक्षेच्या कामातील एक उघड चूक सर्वांच्या समोर आली. ती प्रथम त्याच्याच लक्षात आली होती, हे मला नंतर कळले. मी विचारले, “अरे, मग आधी बोलला का नाहीस?” तो खाली पाहून म्हणाला, “सर, तुम्ही बोलू शकता. मला जूनमध्ये परत यायचं आहे.” त्याला झोप लागत नव्हती, घरी चिडचिड होत होती, लग्न लांबणीवर पडले होते. त्याने डॉक्टर गाठावा असे मी सुचविले, आणि ते योग्यच होते. पण त्याला लागणारे खरे औषध नेमणुकीच्या पत्रात होते, आणि ते लिहून देण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नव्हता. आम्ही कायम प्राध्यापक मंडळी आमच्या वेतन आयोगासाठी मोर्चे काढीत होतो. त्या मोर्चात या मुलाची मागणी आम्ही शेवटच्या कलमात घालीत होतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आता आपल्या कायद्याची स्थिती पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अनेक अर्थांनी पुरोगामी आहे. मानसिक उपचार मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क मानला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. परंतु तो तणाव ज्या ठिकाणी निर्माण होतो त्या कामाच्या जागेच्या मालकावर हा कायदा फारसे काही टाकत नाही. व्यावसायिक रोगांच्या आपल्या यादीत शिसे, पारा, फॉस्फरस यांची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. मनाच्या आजाराला तेथे जागा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या यादीत मानसिक विकारांचा समावेश २०१० सालीच केला आहे. म्हणजे कामावर बोट तुटले तर भरपाईची वाट आहे, मन तुटले तर ती ‘व्यक्तिगत अडचण’!

शिवाय ज्यांना कायद्याचे कवच आहे असे आपण समजतो त्यांनाही ते पुरते नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातून व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय व गोपनीय स्वरूपाचे काम करणारे वगळलेले आहेत. त्यामुळे कारकुनाचे काम करणाऱ्या तरुणाला ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘मॅनेजर’ असे भारदस्त नाव दिले की, त्याच्या जादा कामाचा दुप्पट मोबदला आणि तासांची मर्यादा या दोन्हींवर पाणी सोडायला लावता येते. पदाचे नाव मोठे होते आणि माणसाचा हक्क लहान होतो.

अशा वेळी कायदा घट्ट व्हायला हवा होता. घडते आहे ते उलट. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कामाचे रोजचे तास दुकाने व आस्थापनांत नऊवरून दहा आणि कारखान्यांत नऊवरून बारापर्यंत नेण्यास, तसेच तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १४४ तासांपर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. आस्थापना कायद्यातील प्रमुख तरतुदींसाठी कामगारसंख्येची अटही दहावरून वीसवर नेण्याचे त्याच वेळी ठरले. कामगाराच्या संमतीनेच जादा काम घेतले जाईल, असे सांगण्यात आले. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांनुसार तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. मुदतबंद नोकरीला कायद्याने प्रतिष्ठा दिली. जो प्रत्येक करारागणिक नव्याने नेमला जातो तो माणूस बैठकीत तोंड उघडील काय? नोकरीची शाश्वती काढून घ्यायची आणि मग मानसिक सुरक्षिततेवर परिसंवाद भरवायचे, हा दुटप्पीपणा ओळखला पाहिजे.

मालकवर्गाकडून दोन आक्षेप हमखास येतील. पहिला, मनाचे नुकसान मोजता येत नाही, म्हणून त्यावर कायदा होऊ शकत नाही. सिलिकोसिसविषयीही एके काळी असेच म्हटले जाई. आणि स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबत काय घडले? तोही मनावरचा, प्रतिष्ठेवरचा घाव होता. त्याला कायद्यात नावही नव्हते. राजस्थानातील भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ साली ‘विशाखा’ निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. आज दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक आहे. अंमलबजावणी अपुरी आहे हे खरे, परंतु भीतीमुक्त कामाची जागा ही मालकाची कायदेशीर जबाबदारी असू शकते, हे तत्त्व आपल्या देशात प्रस्थापित झालेले आहे. दुसरा आक्षेप, उद्योगांना हा भार पेलणार नाही. रविवारच्या सुट्टीविषयीही मुंबईच्या गिरणीमालकांचा सूर असाच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले, आणि सहा वर्षांच्या झगड्यानंतर १८९० साली सुट्टी मिळाली. गिरण्या त्यामुळे बुडाल्या नाहीत. लोखंड्यांनी ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द वापरला नव्हता. पण सात दिवसांतला एक दिवस माणसाचा स्वतःचा असला पाहिजे, या मागणीचा अर्थ दुसरा काय होता?

मग आपण काय करावयाचे? शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कामाच्या रचनेतून उद्भवणारे मानसिक विकार व्यावसायिक रोगांच्या यादीत घालावेत आणि त्यांना भरपाई व राज्य विम्याचे संरक्षण द्यावे. पदाच्या नावावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून कामगार कोण हे ठरावे. तासांची वाढ मागे घ्यावी. कामाची वेळ संपल्यावर दूरध्वनी व संदेशांना उत्तर न देण्याचा जो हक्क फ्रान्सने २०१७ पासून मान्य केला आणि ज्यासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले, तो कायद्यात यावा. कामाच्या जागेवरील हिंसा व छळ यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा करार भारताने स्वीकारावा. सुरक्षा समित्यांत कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि कामाचा वेग, मनुष्यबळ व उद्दिष्टे हे विषय त्यांच्या कक्षेत यावेत.

परंतु मागण्यांच्या यादीने काम भागत नाही. आपल्या संघटनांनी आजवर पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांच्या पलीकडे क्वचितच पाहिले. मन खचलेल्या सहकाऱ्याला ‘घाबरट’ म्हणून हिणविणारे आपल्यातही होते. ते सोडले पाहिजे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील कचेरी, कारखाना, रुग्णालय, महाविद्यालय येथे साधी पाहणी करावी. रोज किती तास काम होते, सुट्टीच्या दिवशी किती वेळा बोलावणे येते, गेल्या वर्षात किती जणांनी आजारपणामुळे काम सोडले, आणि वरिष्ठाशी मतभेद झाल्यास तो उघड बोलून दाखविण्याची हिंमत किती जणांना आहे, एवढे चार प्रश्न पुरेत. फ्रान्समधील त्या कार्यकर्त्यांनी न्यायालयात जाण्यापूर्वी हेच केले होते. त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. माहिती-तंत्रज्ञान उद्योगातील, कंत्राटी, तासिका तत्त्वावरील तरुण आपल्याकडे येत नाहीत म्हणून रडत बसण्यापेक्षा त्यांच्या या दुखण्याला हात घालून आपण त्यांच्याकडे जावे.

आमचा तो तरुण सहकारी पुढे अध्यापन सोडून गेला. विद्यार्थ्यांना एक चांगला शिक्षक अंतरला आणि ज्या चुका त्याला दिसल्या असत्या त्या कोणाला दिसल्या नाहीत. भीतीचा हा तोटा एकट्या कामगाराचा कधीच नसतो. परिचारिका बोलली नाही तर रुग्ण मरतो, लेखापाल बोलला नाही तर ठेवीदार बुडतो, अभियंता बोलला नाही तर पूल पडतो. लोकशाही मतपेटीपाशी सुरू होऊन कचेरीच्या दाराशी संपत असेल तर ती अर्धीच लोकशाही आहे. जागेपणीचे निम्मे आयुष्य माणूस ज्या ठिकाणी घालवितो तेथे त्याला मान वर करून ‘हे चुकते आहे’ आणि ‘आता पुरे’ एवढी दोन वाक्ये निर्भयपणे उच्चारता यावीत, इतकेच हे मागणे आहे. ते व्यवस्थापनाच्या औदार्यातून मिळणार नाही. आठ तासांचा दिवस आणि रविवारची सुट्टी ज्या मार्गाने मिळाली, त्याच मार्गाने ते मिळवावे लागेल.